विद्युतरोधक स्फटिकातली उष्णता चुंबकीय क्षेत्रात मोजताना: सॅम्पल कापण्यापासून थर्मल हॉलच्या आकड्यापर्यंत

नीलम, क्वार्ट्झ, स्ट्रॉन्शियम टायटनेट यांसारख्या स्फटिकांत मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तिथे उष्णता वाहून नेतात त्या जालकाच्या कंपनलहरी, म्हणजेच फोनॉन. फोनॉनवर विद्युतभार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्रानं त्याची वाट बदलायचं वरवर काही कारण दिसत नाही. पण २००५ साली स्ट्रोम, रिकन आणि वायडर यांनी टर्बियम गॅलियम गार्नेटमध्ये उष्णतेचा प्रवाह क्षेत्रात आडवा झुकतो हे दाखवलं. हाच फोनॉनचा थर्मल हॉल परिणाम. पुढे २०२० मध्ये स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्येही तो सापडला आणि त्यात तर चुंबकीय आयन औषधालाही नाहीत. त्याचाच भाऊबंद असलेला पोटॅशियम टँटलेट मात्र फारच लहान सिग्नल देतो. कारणांबद्दल अजून एकमत नाही: कोणी फोनॉन आणि स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) यांच्या गाठीकडे बोट दाखवतो, कोणी दोषांवरून होणाऱ्या तिरक्या विखुरण्याकडे. म्हणूनच इथे मोजलेल्या आकड्याला फार किंमत आहे, आणि चुकीचा आकडा फार काळ लोकांना आडवाटेला लावतो.

हा लेख २ ते १०० केल्विन आणि ९ किंवा १४ टेस्लाचा अतिवाहक चुंबक हाताशी असलेल्यांसाठी आहे. इंदूरमध्ये खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारातच यूजीसी-डीएईचं वैज्ञानिक संशोधन केंद्र असल्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना द्रव हेलियम आणि मोठं क्षेत्र या गोष्टी परक्या नाहीत. अडतं ते जोडणीत आणि आकडे वाचण्यात.

आधी कागदावर अंदाज

लांबीच्या दिशेनं उष्णता सोडायची, दोन बिंदूंमधला तापमानाचा फरक मोजायचा. हे झालं सरळ वहन. क्षेत्र सॅम्पलच्या सपाट पृष्ठाला लंब ठेवून दोन कडांमधला फरक मोजायचा. हे आडवं वहन. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे हॉल कोन, आणि फोनॉनच्या बाबतीत तो बहुधा हजारांश ते दहा-हजारांश इतकाच असतो.

एक नेहमीचा नमुना घ्या: रुंदी १ मिमी, जाडी ०.३ मिमी, दोन थर्मामीटरांच्या संपर्कांमधलं अंतर ३ मिमी, वाहकता मीटर-केल्विनला १० वॉट. याचं औष्णिक वहन येतं केल्विनला १ मिलिवॉट. १० केल्विनला ०.३ केल्विनचा सरळ फरक हवा असेल तर ०.३ मिलिवॉट लागेल. हीटर ५ किलोओहमचा असेल तर करंट साधारण ०.२४५ मिलिअँपिअर. आता कोन हजारांश धरला, तर आडवा फरक म्हणजे ०.३ केल्विनचा हजारांश, गुणिले रुंदी भागिले लांबी: ०.१ मिलिकेल्विन. कोन दहा-हजारांश असेल तर १० मायक्रोकेल्विन. या आकड्याची धास्ती जोडणी करण्याआधीच वाटायला हवी. हीटरचा रोध, थर्मामीटरचा प्रकार, थांबायची वेळ, सगळं त्यावरूनच ठरतं.

सॅम्पल

पहिल्या सरावाला स्ट्रॉन्शियम टायटनेट घ्या. पातळ थर चढवण्यासाठी विकतात तो १० बाय ५ बाय ०.५ मिमीचा तुकडा पुरतो; वायर सॉनं त्यातून ५-६ मिमी लांब, एक-दीड मिमी रुंद पट्टी काढा. याची वाहकता २० केल्विनच्या आसपास शिखर गाठते आणि हॉल सिग्नलही तिथेच सर्वांत मोठा असतो, त्यामुळे उपकरण ठीक चाललंय की नाही हे लगेच कळतं. १०५ केल्विनला त्याची रचना बदलते आणि आत जुळे डोमेन तयार होतात, म्हणून तिथून नेहमी सारख्याच वेगानं थंड करा आणि तो वेग वहीत टिपा.

कडा समांतर हव्यात. एका टोकाला रुंदी १.०० आणि दुसऱ्या टोकाला १.१५ मिमी असेल तर क्षेत्रफळाची चूक थेट उत्तरात उतरते. जाडी तीन ठिकाणी मोजा. पृष्ठ पॉलिश केलेलं आहे की घासलेलं, हेही लिहून ठेवा: अगदी खालच्या तापमानाला फोनॉन सॅम्पलच्या भिंतींवर आदळतात आणि गुळगुळीत भिंत त्यांना आरशासारखी परतवते. त्यामुळे त्याच तुकड्याचं पॉलिश काढून टाकलं तर २ केल्विनची वाहकता बदलू शकते.

सॅम्पल अनुचुंबकीय आणि असमदिश (दिशेनुसार गुण बदलणारं) असेल, तर क्षेत्रात त्यावर पीळ पडतो. टर्बियमचे स्फटिक ९ टेस्लात नुसत्या सिल्व्हर पेंटच्या ठिपक्यावर टिकतीलच असं नाही. अर्ध्या रात्री तापमानाचा फरक अचानक उडी मारून दुसऱ्याच पातळीवर बसला, तर भौतिकशास्त्र शोधण्याआधी सॅम्पल हललं का ते पाहा.

जोडणी

सॅम्पलचं एक टोक थंड ठोकळ्याला, दुसऱ्यावर हीटर. उष्णता पूर्ण रुंदीत सारखी शिरायला हवी, म्हणून दोन्ही टोकांना संपूर्ण काप झाकेल असा सिल्व्हर इपॉक्सी किंवा सिल्व्हर पेंटचा थर द्या. मधले तीन संपर्क मात्र कडेवर आणि शक्य तितके लहान ठेवा: दोन एकाच कडेला, ३ मिमी अंतरावर, तिसरा समोरच्या कडेला, त्यांतल्या एकाच्या बरोबर समोर. चांदीचा पट्टा सबंध रुंदीभर ओढू नका. चांदी उष्णतेची इतकी चांगली वाहक आहे की आडवा फरक ती स्वतःच मिटवून टाकते, शिवाय तिचा स्वतःचा हॉल परिणाम आहे तो वेगळाच. ठिपका दीडशे मायक्रॉनपेक्षा रुंद झाला तर ३ मिमीत पाच टक्क्यांची चूक पक्की. त्यामुळे वाहकतेच्या निव्वळ आकड्यावर दहा टक्क्यांचा विश्वास ठेवा. क्षेत्रानं होणारा बदल मात्र त्याच जोडणीत याहून कितीतरी अचूक मिळतो.

इंदूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी आणि गरम असते की सिल्व्हर पेंट सुईच्या टोकावरच वाळतं आणि संपर्कावर पावडर पडते. थिनर जवळ ठेवा, दोन-दोन थेंबांपेक्षा जास्त पेंट एका वेळी काढू नका, आणि जमलं तर पहाटे बसा. पावसाळ्यात उलटी अडचण: ओलाव्यात वाळायला वेळ लागतो, आणि थंड प्रोब (सॅम्पल आत नेणारा दांडा) उघडला की त्यावर दव धरतं. प्रोब पूर्ण तापल्याशिवाय उघडू नका.

थंड ठोकळा कशाचा घ्यावा, यावर बरेच जण विचारच करत नाहीत. सवयीनं तांबं घेतलं जातं, आणि सरळ वहनासाठी ते ठीकच आहे. पण तांब्यातले इलेक्ट्रॉन क्षेत्रात जोरात वळतात. सॅम्पलमधून आलेली उष्णता तांब्यात शिरताच तिथे आडवा फरक तयार होतो आणि तो मागे सॅम्पलच्या टोकावर उमटतो. क्षेत्र उलटं केलं की त्याचंही चिन्ह उलटतं, म्हणजे खऱ्या सिग्नलपासून त्याला वेगळं काढायची सोयच राहत नाही. म्हणून हॉल मोजायचा असेल तर मधे लिथियम फ्लोराइडचा ठोकळा ठेवा. तो स्वतः विद्युतरोधक, उष्णतेचा उत्तम वाहक आणि अचुंबकीय आहे. फक्त तो दाबानं चिरतो, म्हणून स्क्रूनं आवळू नका, व्हार्निशच्या पातळ थरानं चिकटवा.

थर्मामीटर आणि हीटर सॅम्पलला ५० मायक्रॉनच्या चांदीच्या किंवा सोन्याच्या तारेनं जोडा, आणि बाहेर जाणाऱ्या विजेच्या तारा मँगनिनच्या, म्हणजे उष्णता फार कमी वाहणाऱ्या मिश्रधातूच्या घ्या. हा फरक किती मोठा आहे ते पाहा. २५ मायक्रॉनची, १० सेंटीमीटर लांब मँगनिनची तार ४ केल्विनला केल्विनमागे अडीच नॅनोवॉट गळू देते. अशा दहा तारा मिळून २५ नॅनोवॉट. तेवढ्याच लांबीची ५० मायक्रॉनची तांब्याची एकच तार केल्विनमागे सहा मायक्रोवॉटच्या आसपास गळवते. सॅम्पल कमी वाहकतेचं असेल, म्हणजे मीटर-केल्विनला ०.१ वॉटचं, तर त्याचं स्वतःचं वहन केल्विनला १० मायक्रोवॉट. म्हणजे हीटरच्या उष्णतेतला एक तृतीयांशाहून जास्त वाटा त्या एका तारेतून पळतो आणि तुम्ही तो सॅम्पलच्या खात्यावर लिहिता. हीटरला चार तारा द्या, करंट आणि व्होल्टेज दोन्ही तिथेच मोजा. वरून येणाऱ्या सगळ्या तारा थंड खांबावर किमान १०-१५ सेंटीमीटर गुंडाळा. खाली सिगरेटचा कागद आणि वरून व्हार्निश, म्हणजे तांब्याला शॉर्टही होत नाहीत आणि थंडही होतात. स्टेजचे, म्हणजे सॅम्पल बसवायच्या थंड चौकटीचे पितळी स्क्रू, नायलॉनचा दोरा असं किरकोळ सामान सियागंजात मिळतं, पण स्क्रू आत घालण्याआधी त्याला चुंबक लावून पाहा. स्टेनलेस म्हणून विकलेला प्रत्येक स्क्रू अचुंबकीय नसतो.

थर्मामीटर: सगळा खेळ इथे आहे

२ ते ५० केल्विनला सेर्नॉक्सचे (रोधावरून तापमान सांगणाऱ्या थर्मामीटरचे) उघडे चिप सोयीचे. ५० केल्विनच्या वर क्रोमेल-कॉन्स्टंटनचं थर्मोकपल चांगलं, ७७ केल्विनला केल्विनमागे २६ मायक्रोव्होल्ट देतं. पण २० केल्विनला ते साडेआठावर येतं आणि ४ केल्विनला जवळजवळ दोनावर, म्हणून खाली त्याचा आग्रह धरू नका.

सेर्नॉक्स क्षेत्रात थोडा खोटं बोलतो. २ केल्विनला ८ टेस्लात त्याचं वाचन तीनेक टक्क्यांनी हलतं, ४ केल्विनच्या वर एक टक्क्याच्या आत. ही सुधारणा पुस्तकातल्या तक्त्यावरून करू नका. प्रत्येक क्षेत्रात, प्रत्येक तापमानाला, हीटर बंद ठेवून स्टेजचं तापमान चार-पाच पायऱ्यांत हलवा आणि तिन्ही थर्मामीटरांचा रोध स्टेजच्या थर्मामीटरशी जुळवून घ्या. स्टेजचा थर्मामीटर क्षेत्राबाहेर किंवा भरपाई केलेल्या जागी असला तर उत्तम. हे कॅलिब्रेशन अधिक क्षेत्रात वेगळं आणि उणे क्षेत्रात वेगळं करा. एकच घेऊन दोन्हीकडे वापरलं की जो बारीक असमतोल उरतो तो थेट हॉल सिग्नलसारखा दिसतो. वेळ फार जातो, पण या कामात वेळ खर्चायची हीच जागा आहे.

मोजणीचा करंट उलटसुलट करून सरासरी घ्या, म्हणजे तारांच्या सांध्यांतला थर्मो-व्होल्टेज जातो. १० किलोओहमच्या चिपवर १० मिलिव्होल्टपेक्षा जास्त टाकू नका. तेवढ्यानं १० नॅनोवॉट तयार होतात, त्याच्या दहापट व्होल्टेजला शंभरपट.

इंदूरपुरती एक गोष्ट. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. त्यामुळे उघड्या भांड्यातलं हेलियम इथे ४.२२ ऐवजी साधारण ४.१५ केल्विनला उकळतं आणि नायट्रोजन ७७ च्या किंचित खाली. थर्मामीटर चुकतोय असं समजून त्याचं कॅलिब्रेशन ओढूनताणून ४.२२ वर आणू नका; त्या दिवशीचा बॅरोमीटर वाचा.

व्हॅक्यूम आणि गळती

थंड करायला हेलियम वायू आत सोडला असेल तर तो २० केल्विनच्या आसपास थांबून काढून टाका. ४ केल्विनला पंप लावलात तर गेज चांगला दाब दाखवतो, पण भिंतींवर हेलियमचा पापुद्रा उरलेला असतो. हीटर लागला की तो सुटतो आणि उष्णता वायूतून जाऊ लागते. खूण ओळखायची सोपी: हीटर दुप्पट केल्यावर फरक दुपटीपेक्षा कमी वाढतो, आणि तासाभरानं तोच आकडा वेगळा येतो. आत थंड भागावर नारळाच्या करवंटीच्या सक्रिय कोळशाची पुडी चिकटवली तर उरलेलं हेलियम तो शोषून घेतो.

वरच्या टोकाला किरणोत्सर्जनाचा त्रास. आपल्या नमुन्याचं पृष्ठ दहा चौरस मिलिमीटर धरलं तर ३०० केल्विनला केल्विनमागे जास्तीत जास्त ६० मायक्रोवॉट, म्हणजे वहनाच्या सहा टक्के. १०० केल्विनला तेच सत्तावीसपट कमी. त्यामुळे १५० केल्विनच्या खाली याची फार काळजी नको, वर मात्र सॅम्पलच्या तापमानाचं आवरण लावा.

शून्य क्षेत्रात सरळ वहन

ही पायरी ओलांडून कोणी थेट हॉलकडे धावू नये. प्रत्येक तापमानाला क्रम असा ठेवा: हीटर बंद, तिन्ही वाचनं, हीटर चालू, फरक तापमानाच्या एक ते तीन टक्के येईल इतकी शक्ती, स्थिर होईपर्यंत थांबा, किमान कालस्थिरांकाच्या (सॅम्पलला बदल पचवायला लागणाऱ्या वेळेच्या) सातपट, वाचनं, मग शक्ती दुप्पट करून पुन्हा. वाहकता दोन्ही वेळा सारखी आली पाहिजे. नाही आली तर गळती, जास्त तापलेलं सॅम्पल किंवा सुटलेला संपर्क.

आलेखाचा आकार ओळखीचा असावा. खाली तापमानाच्या घनाच्या प्रमाणात चढ, मग शिखर, मग उतार. चढावर फोनॉनचा मुक्त प्रवास सॅम्पलच्या रुंदी-जाडीनं बांधलेला असतो, हे कॅसिमिरनं १९३८ मध्ये मांडलं. उतारावर फोनॉन एकमेकांवर आदळून दिशा गमावतात, ही पायर्ल्सची १९२९ ची उमक्लाप टक्कर. शिखराची उंची स्फटिकातले दोष ठरवतात.

चढ पडताळायला आकडा काढा: एक तृतीयांश गुणिले उष्णताधारिता, ध्वनिवेग आणि मुक्त प्रवास. मुक्त प्रवास म्हणजे काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाची १.१२ पट, आपल्या पट्टीत ०.६१ मिमी. नीलमसाठी २ केल्विनला उष्णताधारिता घनमीटर-केल्विनमागे २.७ ज्यूल आणि वेग सेकंदाला ७.१ किलोमीटर धरला तर वाहकता येते सुमारे ४. मोजलेला आकडा १० आला तर पृष्ठ फार गुळगुळीत असेल किंवा भूमिती चुकली असेल. ०.५ आला तर तडा शोधा.

क्षेत्र लावल्यावर

क्षेत्र फिरत असताना मोजू नका. भोवरा-प्रवाहांनी तांबं तापतं, आणि अनुचुंबकीय सॅम्पल तर चुंबकीय-औष्णिक परिणामानं स्वतःच गरम-थंड होतं. क्षेत्र थांबवा, तापमान बसू द्या, मग वाचा.

सरळ वहन क्षेत्रानं बदललं, तर चुंबकीय आयनांकडे पाहा. आयनाच्या दोन पातळ्यांमधलं अंतर, जेव्हा उष्णता वाहणाऱ्या मुख्य फोनॉनच्या ऊर्जेइतकं होतं, तेव्हा आयन तो फोनॉन गिळतो आणि दुसऱ्या दिशेला सोडतो. वाहकतेत खड्डा पडतो. मुख्य फोनॉनची ऊर्जा तापमानाच्या ३.८ पट, आणि जी-गुणक (क्षेत्रानं पातळ्या किती दूर जातात ते सांगणारा आकडा) २ असलेल्या आयनाला १ टेस्ला म्हणजे १.३४ केल्विनचं अंतर. मग २ केल्विनला खड्डा ६ टेस्लाच्या जरा अलीकडे, आणि ४ केल्विनला साडेअकराच्या आसपास, ९ टेस्लाच्या चुंबकाच्या आवाक्याबाहेर. तापमान वाढवल्यावर खड्डा याच प्रमाणात सरकला तर अर्थ पक्का.

आडवा सिग्नल

समोरासमोरचे संपर्क कधीच अगदी समोरासमोर नसतात. ५० मायक्रॉनची चूक झाली, तरी ३ मिमीतल्या ०.३ केल्विनमधले ५ मिलिकेल्विन आडव्या मोजणीत शिरतात, हॉलच्या ०.१ मिलिकेल्विनपेक्षा पन्नासपट. हा भाग क्षेत्र उलटल्यावर चिन्ह बदलत नाही, म्हणून अधिक आणि उणे क्षेत्रातल्या आडव्या फरकांची वजाबाकी करून अर्धं घ्यायचं. सरळ फरकाची मात्र बेरीज करून अर्धं.

वजाबाकी तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही बाजूंचं बाकी सगळं सारखं असतं. सरळ फरक दोन्हीकडे एक हजारांशानं वेगळा असला तरी ५ मिलिकेल्विनचे ५ मायक्रोकेल्विन चुकतात. म्हणून हीटरचा करंट त्याच स्रोतातून, तोच आकडा. स्टेजचं तापमान एक-दोन मिलिकेल्विनच्या आत. +९ वरून -९ टेस्लावर जायला सेकंदाला १०० ओर्स्टेडनं अर्धा तास लागतो, तेव्हा प्रत्येक तापमानाला क्षेत्र उलटत बसू नका. +९ वर सगळी तापमानं चढत्या क्रमानं घ्या, मग -९ वर तीच. संपर्क शक्य तितके समोर लावलेले असले तर ही सगळी कसरत निम्मी होते. सूक्ष्मदर्शकाखाली घालवलेला एक तास इथे परत मिळतो.

आता तपासण्या. हीटरची शक्ती दुप्पट केल्यावर उलटवजा केलेला सिग्नलही दुप्पट झाला पाहिजे. हीटर बंद असताना तो शून्य आला पाहिजे. क्षेत्र उष्णतेच्या दिशेला समांतर ठेवलं तर तो जवळपास नाहीसा व्हायला हवा. आणि सॅम्पलच्या जागी क्वार्ट्झची पट्टी लावून एकदा पूर्ण फेरी करा. तिथे जो सिग्नल दिसेल तितक्यापेक्षा लहान आकडा तुमच्या उपकरणातून छापू नये.

फोनॉन की मॅग्नॉन

चुंबकीय विद्युतरोधकात उष्णता मॅग्नॉनही, म्हणजे स्पिनच्या लहरीही नेतात. ल्युटेशियम व्हॅनेडेटमध्ये २०१० साली त्यांचाच हॉल परिणाम दिसला होता. वेगळं करायचे चार उपाय आहेत, आणि एकट्यावर विसंबणं बरं नाही. आडवी आणि सरळ वाहकता तापमानासोबत एकाच ठिकाणी शिखर गाठतात का ते पाहा. गाठत असतील तर फोनॉनकडे कल. थरांच्या स्फटिकात उष्णता थरांना लंब सोडा, जिथे मॅग्नॉनला वाट फारशी नसते. कुप्रेटमध्ये (तांब्याच्या ऑक्साइडच्या थरांच्या स्फटिकांत) २०२० साली याच मार्गानं फोनॉनवर शिक्का बसला. मोठ्या क्षेत्रात मॅग्नॉन दबतात, त्यामुळे सरळ वहन वाढलं तर मॅग्नॉन फोनॉनना अडवत होते, कमी झालं तर स्वतः उष्णता नेत होते. आणि शक्य असेल तिथे तीच रचना असलेला अचुंबकीय भाऊ मोजा.

आकडा लिहिताना वाहकतेसोबत हॉल कोनही द्या, कारण भूमितीतली चूक कोनात बरीचशी कटते. सॅम्पल कुठून आलं, कोणत्या तुकड्यातून, किती वेळा थंड केलं, ठोकळा कशाचा होता, हे सगळं तक्त्यातच लिहा. स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये साध्या ऑक्सिजनऐवजी ऑक्सिजन-१८ घातल्यावरसुद्धा हॉल सिग्नल बराच खाली येतो, तेव्हा दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा वेगळा आला तर वाद घालण्याआधी दोन्हीकडच्या तुकड्यांची अदलाबदल करून मोजा.